गृहनिर्मित विमानातील इंजिन नियंत्रण केबल

इंजिन नियंत्रण केबल म्हणजे वैमानिकाच्या हाताखालील मुठीची किंवा दांड्याची हालचाल इंजिनापर्यंत पोहोचवणारी, आवरणातून सरकणारी पोलादी तार होय. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानात तिचा मार्ग उत्पादकाच्या आराखड्यात निश्चित केलेला असतो. गृहनिर्मित विमानात मात्र तो बहुधा बांधणाऱ्यालाच ठरवावा लागतो. केबल अडकली किंवा तुटली, तर इंजिन सुस्थितीत असूनही वैमानिकाचा त्याच्यावरील ताबा सुटतो. त्यामुळे केबलची मार्गआखणी हा उड्डाणसुरक्षेचा भाग मानला जातो.

स्वरूप

सायकलच्या ब्रेकमध्ये किंवा स्कूटरच्या क्लचमध्ये वापरली जाणारी बाउडेन केबल हे या रचनेचे परिचित रूप आहे. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये तिचे एकस्व मिळवले. अशी केबल मुख्यतः ओढण्यासाठी उपयोगी पडते आणि परतीच्या हालचालीसाठी स्प्रिंग लागते. ज्या ठिकाणी ओढणे व ढकलणे या दोन्ही क्रिया आवश्यक असतात, तेथे आतील तार अधिक ताठ असलेली केबल वापरतात.

पिस्टन इंजिनाच्या विमानात साधारणपणे थ्रॉटल, पंख्याच्या पात्यांचा कोन आणि इंधन-हवा मिश्रण यांसाठी स्वतंत्र नियंत्रणे असतात. त्यांच्या मुठींचे रंग प्रथेनुसार अनुक्रमे काळा, निळा व लाल असतात.

मार्गआखणी

केबलचा मार्ग शक्य तितका सरळ आणि वळणे सौम्य ठेवली जातात. वळणांचे कोन वाढत जातात तसे घर्षण झपाट्याने वाढते. घर्षणांक ०.१ धरल्यास एकूण ९०° वळणामुळे लागणारे बल सुमारे १७ टक्क्यांनी, तर ३६०° वळणांमुळे सुमारे ८७ टक्क्यांनी वाढते.

इंजिन आणि वैमानिक कक्ष यांच्यामध्ये फायरवॉल (अग्निरोधक भिंत) असते. २०१७ पर्यंतच्या अमेरिकी नियमांनुसार ०.०१५ इंच (सुमारे ०.३८ मिमी) जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा त्यासाठी ग्राह्य धरला जात असे. केबलसाठी पाडलेले छिद्र उघडे राहिल्यास आग व विषारी वायू कक्षात शिरू शकतात. म्हणून ते पोलादी जोडभागाने आणि अग्निरोधक लेपाने बंद करतात. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६०° सेल्सियसला वितळत असल्याने ते या जागी योग्य ठरत नाही.

इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्यामुळे चालू असताना ते हलते. केबलचे बाह्य आवरण विमानाच्या सांगाड्याला बांधून केवळ आतील तार इंजिनाला जोडली, तर इंजिन हलताच थ्रॉटलही आपोआप हलतो. हे टाळण्यासाठी आवरणाचे टोक इंजिनावरीलच ब्रॅकेटला पक्के करतात आणि मधल्या भागात पुरेशी सैल वळी ठेवतात. केबल धुराड्याच्या नळीपासून दूर ठेवली जाते. ते शक्य नसल्यास मध्ये उष्णतारोधक पत्रा बसवतात. ती इंधननळीला बांधत नाहीत. तसेच उड्डाणनियंत्रणे दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती केबलला घासत नाहीत, याची खात्री केली जाते.

जोडणी

कार्बुरेटरवरील दांडी दोन्ही बाजूंच्या अटकावांपर्यंत पोहोचल्यानंतरही कक्षातील मुठीला किंचित हालचाल शिल्लक असावी लागते. अन्यथा पूर्ण शक्ती मिळत नाही किंवा मिश्रण पूर्ण बंद होत नाही. टोकाच्या गोलक-जोडाला मोठा वॉशर लावतात, जेणेकरून जोड झिजून निसटला तरी केबल सुटून पडत नाही. फिरणाऱ्या जोडांवरील खाचेचे नट कॉटर पिनने अडकवतात.

केबल तुटल्यास

तुटलेली केबल उड्डाणात दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे अशा वेळी इंजिन कोणत्या स्थितीत जाईल, हे आधीच ठरवणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, कार्बुरेटर असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनात स्प्रिंग थ्रॉटल पूर्ण उघडते. इंजिन शक्ती देत राहते व विमान धावपट्टीपर्यंत आणता येते. त्यानंतर प्रज्वलन बंद करून इंजिन थांबवले जाते.

महाराष्ट्रातील उदाहरण

महाराष्ट्रातील गृहनिर्मित विमानांमध्ये वैमानिक अमोल यादव यांचे सहा आसनी ‘टीएसी-००३’ हे विशेष प्रसिद्ध आहे. मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर त्याची बांधणी झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडण्यात आले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला ‘व्हीटी-एनएमडी’ हा नोंदणी क्रमांक मिळाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये यादव यांच्या कंपनीने राज्य शासनाशी विमाननिर्मितीचा सामंजस्य करार केला. त्यात पालघर जिल्ह्यातील १५७ एकर जमिनीचा प्रस्ताव होता. विमानाच्या चाचण्या २०२० मध्ये धुळे येथे झाल्या.

किनारी हवामान व देखभाल

पालघर, केळवे, बोईसर-तारापूर यांसारख्या किनारी भागांत खारी हवा व पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे आवरणाच्या आत, नजरेआड गंज चढू शकतो. त्यावर उपाय म्हणून स्टेनलेस स्टीलची तार वापरतात आणि पाणी आत उतरणार नाही अशा रीतीने आवरणाची टोके ठेवतात. मूठ जड होणे, धक्क्याने सरकणे, टोकाशी तारेचे धागे सुटणे किंवा आवरण घासलेले दिसणे ही बिघाडाची पूर्वचिन्हे होत. अशी केबल तेल घालून चालवत न राहता बदलणे श्रेयस्कर मानले जाते.