केरसुणी, पोतेरे आणि व्हॅक्यूम क्लीनर : मिरजगावच्या भुईवरून एक इतिहास

१/
फरशीसाठी झाडू घ्यावा, उभा पोछा घ्यावा, व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा की आपोआप फिरणारा रोबो, हा प्रश्न अगदी आजचा वाटतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील घरे शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर देत आली आहेत. ते उत्तर दर वेळी तीन गोष्टींनी ठरले : पायाखालची भुई कशाची आहे, पाणी किती आहे आणि वाकायचे कोणी. नगर जिल्ह्यातील मिरजगाव डोळ्यांसमोर ठेवून या निवडीचा इतिहास पाहू.

२/
मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, नगर–सोलापूर रस्त्यावरचे मोठे गाव. सीना नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा, उन्हाळा लांब, वारा कोरडा. या भागातील जुनी घरे धाब्याची : जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचेच माळवद. शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत. अशा घरात धूळ दारातून येई, माळवदातून झरे आणि भुईतूनही निघे.

३/
मातीची भुई ही फार जुनी गोष्ट आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे सापडली. त्यांच्या जमिनी माती चोपून घट्ट केलेल्या होत्या. दख्खनच्या माणसाने घर बांधले, तेव्हाच त्याला धूळ बसवण्याची युक्ती शोधावी लागली.

४/
ती युक्ती पुढे ‘सारवण’ या नावाने घराघरांत रुजली. शेण, माती आणि पाणी कालवून पोतेऱ्याने भुईवर पातळ थर द्यायचा. शेणातील बारीक तंतू मातीचे कण धरून ठेवतात, त्यामुळे पृष्ठभाग लवकर सुटत नाही. थर वाळून पोपडे धरू लागला की पुन्हा सारवायचे. अंगणात झाडण्याआधी किंवा झाडल्यावर सडा घालायचा. धूळ उचलण्यापेक्षा ती ओल्याने जागीच दाबून ठेवायची, हे या पद्धतीचे मर्म.

५/
साधने भुईप्रमाणे वेगळी होती. घरात शिंदीच्या पानांची केरसुणी, कारण ती मऊ असते आणि सारवण खरवडत नाही. अंगणात आणि गोठ्यात ताठ काड्यांचा खराटा, कारण तेथे पाचोळा आणि खडे ओढायचे असतात. खराटा घरात फिरवला तर भुई उकरते. केरसुणी अंगणात वापरली तर चार दिवसांत झिजते. ‘कोणते साधन कोठे’ हा विवेक घरातल्या बायकांना अनुभवाने ठाऊक होता.

६/
ही केरसुणी कोण बनवत असे? गावगाड्यात केरसुण्या बांधण्याचे आणि दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. मोबदला बहुधा बलुत्याच्या रूपाने, म्हणजे सुगीच्या धान्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीच्या या व्यवस्थेचे तपशीलवार चित्र आहे. शिंदीची पाने कापणे, सुकवणे, चिरणे आणि मूठ आवळून बांधणे ही कसबाची कामे होती. गावाने मात्र त्यांना कसब न मानता जातीचे कर्तव्य मानले.

७/
यातील विसंगती दिवाळीला उघडी पडते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात. पण जिच्या हातांनी ती लक्ष्मी घडली, त्या बाईला अस्पृश्यतेच्या काळात त्याच घराच्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागे. वस्तू देवघरापर्यंत जाई, माणूस दाराशी थांबे. झाडूचा इतिहास लिहिताना हे वाक्य वगळता येत नाही.

८/
आता १८७६ हे साल पाहा. त्या वर्षी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ सुरू झाला. नगर आणि सोलापूर हे जिल्हे त्यात होरपळले. त्याच वर्षी विदर्भात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. तेच पुढे गाडगे महाराज. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने, हा त्यांचा क्रम १९५६ पर्यंत चालला. जे काम समाजाने हलके ठरवले होते, ते त्यांनी भर चौकात स्वतः केले. त्यांच्याच नावाने राज्याने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

९/
आणि त्याच १८७६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात मेल्व्हिल बिसेल या भांडी-काचसामानाच्या दुकानदाराने ढकलून चालवायच्या गालिचा-झाडणीचे पेटंट घेतले. पुढे १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ हवेच्या जोराने ओढून घेणारे यंत्र बनवले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करत आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडत. १९०२ मध्ये एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ झाले.

१०/
घरात हाताने फिरवता येईल असे विजेचे यंत्र अमेरिकेतील ओहायोच्या जेम्स मरे स्पँगलरने बनवले. तो एका दुकानात सफाईचे काम करत असे आणि त्याला दम्याचा त्रास होता. झाडताना उडणारी धूळ त्याला सोसत नसे. १९०८ मध्ये पेटंट मिळाले आणि ते हूवर कुटुंबाने विकत घेतले. धुळीचा त्रास मिरजगावच्या बाईला होता तसाच त्यालाही होता. तिचा उपाय पाण्याचा, त्याचा विजेचा.

११/
या यंत्रांच्या जन्मकथेत गालिचा सर्वत्र आहे. थंड देशांत लाकडी जमिनीवर गालिचे अंथरलेले असत. ते रोज धुता येत नसत आणि धूळ त्यांच्या लवेत अडके. दख्खनमधील सामान्य घरात गालिचा नव्हताच. बसायला घोंगडी किंवा चटई, ती उचलून अंगणात झटकली की झाले. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरचा शोध लागल्यानंतरही कित्येक दशके इथल्या घराला त्याची गरज भासली नाही. यात मागासलेपणा नव्हता. भुईच वेगळी होती.

१२/
मग भुई बदलू लागली. १८७१ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग शहाबादवरून रायचूरला पोचला आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्गाने नगर रेल्वेवर आले. शहाबादचा सपाट चुनखडी दगड दूरवर नेणे सोपे झाले आणि ज्याला परवडले त्याच्या घरी शहाबादी फरशी आली. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स या स्वदेशी उद्योगाने सिमेंटच्या रंगीत लाद्या घडवल्या. सारवण संपले, तेथे फडके आले.

१३/
फरशीने श्रम कमी केले, पण पाठ वाकलेलीच राहिली. उकिडवे बसून, बादलीत फडके पिळत घरभर सरकायचे, हे काम घरच्या बाईकडे किंवा मोलकरणीकडे राहिले. स्पेनमध्ये १९५६ च्या सुमारास मानुएल हालोन यांनी बादलीत पिळता येणारा दांड्याचा पोछा आणला, तो गुडघे टेकून जमीन पुसणाऱ्या बायकांना उभे करण्यासाठीच. आपल्याकडे दांडा घरोघरी यायला पुष्कळ उशीर झाला. दुसऱ्याची कंबर स्वस्त असली की साधन बदलण्याची घाई कोणाला नसते. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ मध्ये झाला.

१४/
व्हॅक्यूम क्लीनर भारतीय मध्यमवर्गाच्या दारी आला तो १९८२ नंतर. फोर्ब्ज समूह आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्ज ही कंपनी निघाली आणि तिचे विक्रेते शहरांत घरोघर जाऊन यंत्र चालवून दाखवू लागले. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र या यंत्रापुढे वेगळी अडचण होती. २००० च्या दशकात भारनियमनाने गावांत तासन्‌तास वीज नसे. ज्या घरात पंखा बंद, तेथे धूळ ओढणारे यंत्र काय चालणार?

१५/
पाण्याची गोष्ट त्याहून जुनी. १९७२ च्या दुष्काळात याच पट्ट्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण झाली. सडा आणि सारवण तेव्हा परवडणारे नव्हते. पाणी नसले तर पोतेरे थांबते, वीज नसली तर यंत्र थांबते. दोन्ही नसताना चालते ती केरसुणी. दख्खनच्या कोरड्या गावांत ती टिकली याचे एक मोठे कारण हे आहे.

१६/
आज मिरजगावसारख्या गावात नवे घर बांधणाऱ्याला या इतिहासाचा थेट उपयोग आहे. शहाबादी फरशीचे सांधे खोल आणि पृष्ठभाग खडबडीत. तेथे आधी झाडू, मग ओले फडके. ती चुनखडीची असल्याने तिच्यावर ॲसिड ओतू नये, दगड खातो. गुळगुळीत टाइल्सवर ईशान्येकडील गवताचा फूलझाडू आणि दांड्याचा पोछा पुरतो. सोफा, गादी, खिडक्यांच्या खाचा आणि दम्याचा रुग्ण असलेले घर, येथे व्हॅक्यूम क्लीनर खरा कामाला येतो. गालिच्यासाठीचा फिरता ब्रश मात्र उघड्या फरशीवर खडे उडवतो.

१७/
रोबोचेही तसेच. इलेक्ट्रोलक्सचा ट्रिलोबाइट २००१ मध्ये आणि अमेरिकेचा रूम्बा २००२ मध्ये बाजारात आला. त्याला सलग, सपाट आणि मोकळी जमीन लागते. उंच उंबरठा, पायरीचा ओटा, जमिनीवर पसरलेली धान्याची पोती आणि अंगणातून येणारा चिखल, हे सारे त्याच्या वाटेत येते. ज्या उंबरठ्याने एके काळी माणसे अडवली, तो आता यंत्र अडवतो.

१८/
साधन निवडताना किंमत आणि वॉट पाहिले जातातच. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हे साधन रोज कोणाच्या हातात असणार, आणि त्या हातांना ते सोयीचे आहे का? तीन हजार वर्षांत भुई चोपलेल्या मातीपासून चकचकीत टाइल्सपर्यंत बदलली. तो प्रश्न त्या हातांना विचारला गेल्याची उदाहरणे मात्र या साऱ्या इतिहासात मोजकीच सापडतात.