तारणाचे सार्वत्रिक आवाहन
ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक सिद्धांत. देवाची कृपा निवडक लोकांसाठी राखलेली नसून ख्रिस्ताचे क्रूसावरील मरण सर्व मानवांसाठी आहे, असे तो सांगतो. योहान ३:१६ आणि १ तीमथ्य २:४ ही वचने त्याचे मुख्य आधार होत. डच धर्मपंडित याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमी निवेदनात तो मांडला. नेदर्लंड्समधील डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) ही कलमे फेटाळली. इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथे कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचने देऊन हे आवाहन उपेक्षितांपर्यंत नेले. तारण सर्वांना देऊ केलेले असले, तरी ते विश्वासाने स्वीकारावे लागते. म्हणून सर्वांचे तारण होणारच, असे मानणाऱ्या मताहून हा सिद्धांत वेगळा ठरतो.