प्रकाशकणाचा पुरावा आणि आपले प्रॅक्टिकल

बी.एस्सी.ला असताना आम्ही फोटोसेलचे प्रॅक्टिकल केले होते. रंगीत काचेचे फिल्टर बदलायचे, दर वेळी प्रवाह शून्यावर आणणारे व्होल्टेज नोंदवायचे आणि वारंवारतेशी त्याचा आलेख काढायचा. सरळ रेषा आली, तिच्या चढावरून प्लांकचा स्थिरांक मिळाला. जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिला, 'यावरून प्रकाश कणांचा बनलेला असतो हे सिद्ध होते.' सरांनी सही केली. पुढे हाच विषय विद्यार्थ्यांना समजावून देताना लक्षात आले, की आमचा आकडा ठीक होता, पण निष्कर्ष घाईचा होता.

आइन्स्टाइनने प्रकाशकणांची कल्पना १९०५ साली मांडली. रॉबर्ट मिलिकनने शिकागो येथे अनेक वर्षे खपून प्रकाशविद्युत परिणामाची मोजमापे केली आणि १९१६ मध्ये आइन्स्टाइनचे समीकरण अचूक असल्याचे दाखवले. तरीही त्या वेळी त्याने प्रकाशकणांची कल्पना मान्य केली नाही! समीकरण खरे ठरणे आणि त्यामागचे चित्र खरे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो जाणून होता.

१९६९ मध्ये विलिस लॅम्ब व मार्लन स्कली यांनी दाखवले, की प्रकाश हा निव्वळ तरंग मानला आणि पुंजयामिकीचे नियम फक्त अणूला लावले, तरी तेच समीकरण मिळते. मग प्रकाशकणाचा खरा पुरावा कोणता?

समजा, निम्मा प्रकाश परावर्तित करणारा व निम्मा आरपार सोडणारा आरसा घेतला आणि दोन्ही वाटांवर एकेक शोधक ठेवला. तरंग दुभंगतो, कण दुभंगत नाही. दोन्ही शोधक एकाच क्षणी किती वेळा नोंद करतात ते मोजायचे आणि निव्वळ योगायोगाने जितक्या नोंदी अपेक्षित असतात त्या संख्येने भागायचे. तरंगासाठी हे गुणोत्तर १ पेक्षा कमी होऊ शकत नाही. एका वेळी एकच कण येत असेल तर ते ० हवे. दिवा कितीही मंद केला तरी ते १ च्या खाली जात नाही. त्यासाठी खास उगम लागतो.

१९८६ मध्ये फ्रान्समधील ओर्से येथे ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी कॅल्शियमचे अणू वापरले. असा अणू पाठोपाठ दोन प्रकाशकण सोडतो. पहिला दुसऱ्याची वर्दी देतो. गुणोत्तर आले ०.१८. तेच प्रकाशकण दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणले, तर व्यतिकरणाचे पट्टे उमटले!

२००४ मध्ये अमेरिकेतील व्हिटमन कॉलेजात मार्क बेक आणि सहकाऱ्यांनी आरशाचा हा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेत बसवला. कॅल्शियमऐवजी त्यांनी एका निळ्या प्रकाशकणाचे दोन अवरक्त प्रकाशकण करणारा स्फटिक वापरला. गुणोत्तर आले ०.०१७७. व्याख्यानात ऐकलेले आता विद्यार्थ्याला स्वतः मोजता येऊ लागले.

एकेक प्रकाशकण टिपणारे शोधक महाग असतात. आपल्या सगळ्याच महाविद्यालयांना ते परवडणार नाहीत. फोटोसेलचे प्रॅक्टिकल त्यामुळे सोडून द्यावे असे मात्र नाही. निष्कर्षात एवढेच लिहू द्यावे, 'प्लांकचा स्थिरांक मोजला. इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेवर नव्हे, वारंवारतेवर अवलंबून असते.' आणि मग विचारावे, 'प्रकाश कणांचा असतो हे यातून ठरले का?' त्या प्रश्नावर वर्गात वाद झाला, तर पुंजयामिकीची सुरुवात चांगली झाली असे समजावे.