वीतभर अंतर

दिवाळीच्या सुटीत शाळेचे नाव काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला चांगले ठाऊक आहे. मुलांच्या हाताला किल्ल्याची माती लागलेली, जिभेवर अनारशाची चव रेंगाळलेली, आणि अशा वेळी हे मास्तर कोठून आले, असे कोणाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. पण वाचकहो, ज्याचे निम्मे आयुष्य खडूच्या भुकटीत गेले त्याने सुटीतही दुसरे काय आठवावे? कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन मला आहे खरे. पोटाचा आणि जिवाचा धंदा मात्र मास्तरकीचाच.

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. त्यामुळे शिक्षकाने विद्यार्थ्याशी जिव्हाळा कसा जोडावा, याची शास्त्रोक्त सूत्रे मजजवळ नाहीत. जुन्या मास्तरांच्या हकिकती मात्र मी हौसेने गोळा करीत आलो आहे. त्या वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शिक्षक आणि मूल यांच्यामध्ये अंतर हे असतेच. कधी वयाचे, कधी विद्येचे, कधी गरिबीचे, आणि आपल्या देशात तर जातीचेही. प्रश्न एवढाच असतो, की ते अंतर चालून कोणी जायचे? मुलाने, की मास्तरांनी?

पहिली हकिकत साताऱ्याची. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी तेथील सरकारी हायस्कुलात भिवा रामजी नावाचा नऊ वर्षांचा मुलगा दाखल झाला. पुढे साऱ्या जगाने ज्यांना डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखले, तेच हे. अस्पृश्य म्हणून त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे, आणि बसायचे गोणपाटही घरूनच आणावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर त्याने वरून पाणी ओतायचे, शिपाई नसेल तर त्या दिवशी पाणी नाही.

त्याच काळात आंबेडकर नावाच्या एका ब्राह्मण मास्तरांचा या मुलावर फार जीव होता. मधल्या सुटीत मुलाला जेवायला दूर घरी जावे लागते, हे मास्तरांना पाहवेना. ते आपल्याबरोबर फडक्यात जी भाजीभाकरी बांधून आणीत, तिच्यातला वाटा रोज या मुलाला देत. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. मास्तर फारसे काही शिकवीत नसत, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. आणि तरीही त्या भाकरीची गोडी त्यांना शेवटपर्यंत पुरली. पुढे ते गोलमेज परिषदेला गेले तेव्हा याच मास्तरांचे मायेचे पत्र आले, आणि ते बाबासाहेबांनी जपून ठेवले.

येथपर्यंतची गोष्ट आपण सगळे डोळे पुसत सांगतो. पण त्याच आठवणीत आणखी एक वाक्य आहे, आणि ते बहुधा सांगायचे राहून जाते. मास्तर ती भाकरी मुलाच्या हातावर वरून टाकीत. शिवाशिव होऊ नये म्हणून. माया खरी होती, भाकरी खरी होती, आणि त्या दोन हातांमधले वीतभर अंतरही तितकेच खरे होते. मास्तर पुष्कळ चालून आले. शेवटची एक वीत तेवढी राहून गेली. मला या हकिकतीत मास्तरांची निंदा करावयाची नाही. त्या काळी तेवढे चालून येणारेही किती थोडे होते! पण ती वीत विसरून त्यांचा गौरव करणे हेही त्या मुलावर अन्याय केल्यासारखे होईल.

दुसरी हकिकत मुंबईची. १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले आणि मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. राहायला चाळीतली लहानशी खोली. अभ्यासाला जागा कोठली? शाळा सुटली की तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर येत असत. केळुसकर गुरुजी हे शिक्षक खरे, पण दुसऱ्या शाळेतले. या मुलाची हजेरी त्यांच्या पटावर नव्हती, त्याच्या निकालाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. बागेत रोज एक मुलगा पुस्तकात डोके खुपसून बसतो, एवढेच त्यांनी पाहिले, आणि जवळ जाऊन त्याची विचारपूस केली. पुढे ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. वडील रामजी सुभेदार यांच्याशीही त्यांचा स्नेह होता.

मुलगा परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी त्याचा सत्कार करावयाचे ठरविले. सुभेदार म्हणाले, नको. पोराच्या डोक्यात हवा जाईल. मंडळी हिरमुसली होऊन केळुसकरांकडे गेली. केळुसकरांनी सुभेदारांची समजूत घातली, सभा भरली, अध्यक्षपद गुरुजींनीच घेतले आणि आपल्या भाषणाच्या शेवटी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या तरुणाला कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोणत्याही शाळेच्या नियमावलीत हे काम शिक्षकाला लावून दिलेले नाही.

या गोष्टीचे दुसरे टोक आम्हा नागपूरकरांच्या दाराशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या सणाला, आज जिला दीक्षाभूमी म्हणतात त्या मैदानावर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्याच वर्षी आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी आरंभ केला तो केळुसकर गुरुजींनी दिलेल्या त्या पुस्तकापासून. एका पुस्तकाने इतिहास घडला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचा अभ्यास आहे, अपमान आहेत, लढे आहेत. पण ते पुस्तक वरून टाकलेले नव्हते, एवढे मात्र खास. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या आयाबाया लेकरांसाठी पुस्तके घेऊन जाताना दिसतात, तेव्हा मला चर्नी रोडच्या बागेतले ते गुरुजी आठवल्यावाचून राहत नाहीत.

आता खानदेशात अमळनेरला चला. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक तेथल्या प्रताप हायस्कुलात लागले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले. मुले शाळेत गेली की हे शिक्षक त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, मळके कपडे धुऊन ठेवीत. रागावण्याची त्यांची रीत हीच. आपला पसारा गुरुजींनी आवरलेला पाहून दुसऱ्या दिवशी मुलगा आपणच केरसुणी हाती घेई. शिवाय ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. विचार करा, गृहपाठाच्या वह्या तपासून दमलेला माणूस रोज रात्री बसून मुलांसाठी एक वर्तमानपत्र हाताने लिहितो! १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली. गुरुजी हे नाव मात्र जन्मभराचे झाले.

याच साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात, १ ते १० तारखेपर्यंत, पंढरपूरला उपोषण केले. मागणी एकच, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे. ते खुले झाले. वसतिगृहात मुलाचे अंथरूण आवरणारा हात आणि मंदिराचे दार उघडावे म्हणून प्राण पणाला लावणारा हात, हे मला दोन वाटत नाहीत. साताऱ्याच्या मास्तरांच्या हातून जी वीत राहिली होती, तीच ओलांडण्यासाठी हे दहा दिवस होते.

आणि जेथे मूल शाळेपर्यंत येतच नाही तेथे? तेथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे पाहावे. १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई बालविधवा; शिकून शिक्षिका झालेल्या. त्या ताराबाईंबरोबर तेथे आल्या. बालवाडी काढली, पण गरिबांच्या वस्तीतली मुले येईनात. मग बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली, आणि तिचे नाव पडले अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी-गोष्टी. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये चालू झाले. थोडी मोठी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसले, तेव्हा शाळा गुरांमागून कुरणात गेली. बिया, शिंपले, पाने हीच तिची साधने. आज देशभर गावोगावी अंगणवाडी हा शब्द ऐकू येतो. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने तो सर्वत्र नेला. तो शब्द उच्चारताना आपल्या ध्यानात राहत नाही, की मूल येत नाही म्हणून त्याला नाव ठेवण्याऐवजी दोन बायकांनी आपली शाळाच उचलून त्याच्या दारात नेली होती.

आता आमचे मनीषनगर. वर्धा रोडवरून रेल्वेचे रूळ ओलांडले की ही वस्ती लागते. फ्लॅटच्या उंच इमारती, शिकवणी वर्गांच्या पाट्या, संध्याकाळी पोह्यांच्या आणि समोशांच्या गाड्यांभोवती गर्दी. येथे अंतर आहे असे कोणाला वाटणारही नाही. पण ज्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर वर्गातला एक मुलगा राहतो, तिच्याच जिन्याखालच्या खोलीत चौकीदाराची मुलगी राहते, आणि दोघे एकाच बाकावर येऊन बसतात. गृहपाठ हल्ली मोबाइलवरून धाडता येतो. ज्या घरी मोबाइल एकच आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, तेथे तो कोणाच्या हातात पडणार? ही निरोप वरून टाकण्याचीच नवी तऱ्हा नव्हे काय?

म्हणून मी जुन्या मास्तरांकडून एक सोपी रीत उचलली आहे. वर्ष सुरू झाले की माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहितो: ते कोणत्या वाटेने येते, डब्यात काय आणते, आणि घरी गेल्यावर दार कोण उघडते. दिवाळीपर्यंत ही तीन खणे भरली, की त्या मुलाला गणित का येत नाही हे पुष्कळदा आपोआप कळते. आणि मधल्या सुटीत मी मुलांमध्येच बसून माझा डबा उघडतो. कोणाची भाकरी, कोणाची पोळी, कोणाचा नुसता भात. पाच मिनिटांत कोणते कोणाचे हे सांगता येत नाही.

आईबाबांनो, शाळा उघडेल त्या दिवशी मुलाच्या डब्यात दोन चकल्या जास्त घाला, आणि त्या कोणी खाल्ल्या असे संध्याकाळी विचारू नका. त्या कोणाच्या तरी हातावर ठेवल्या गेल्या असतील.