योपजे

प्लेगच्या जंतूचे (यर्सिनिया पेस्टिस) एक एंझाइम. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठींचा प्लेग दिसला होता.

हा जंतू सुईसारख्या पोकळ नळीतून आपली प्रथिने थेट पांढऱ्या पेशींत सोडतो. एरवी जंतूची चाहूल लागताच पेशीतील किनेझ प्रथिनांच्या ठराविक सेरीन व थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट गट बसतो आणि धोक्याचा निरोप पुढे जातो. योपजे नेमक्या त्याच जागी ॲसिटिल गट चिकटवते. फॉस्फेटला जागाच उरत नाही. कुलपात आधीच काडी मोडून ठेवावी तसे. निरोप तिथेच अडतो, दाह उसळत नाही आणि जंतूला वाढायला उसंत मिळते. ही क्रिया 2006 मध्ये उलगडली. जंतूच्या इतक्या नेमक्या हत्याराची उदाहरणे थोडीच. त्याच्या जोडीचे योपएच टायरोसिनावरचे फॉस्फेट काढून टाकते, त्यामुळे पेशीला जंतू गिळता येत नाही.

सुरतेत तेव्हा वाटलेले टेट्रासायक्लिन जंतूची प्रथिननिर्मितीच थांबवते.