आवाज दाबणारी पेटी

पेटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बाजाची पेटी येते, आणि कॉम्प्रेसर म्हटले की फ्रिज. इथे सांगायची गोष्ट तिसरीच आहे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला कॉम्प्रेसर हवा दाबत नाही. तो आवाजातला लहानमोठेपणा दाबतो. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे आवाज गेला की तो त्याला खाली ओढतो. चारास एक असे प्रमाण लावले, तर मर्यादेच्या वर ८ डेसिबल जाऊ पाहणारा आवाज २ डेसिबलच वर जातो. मग सगळेच थोडे उचलून घ्यायचे. मोठे होते ते आवरले जाते, बारीक होते ते पुढे येते.

वाचकहो, हा यंत्राचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याला कारण आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वाड्यातल्या, गणेशोत्सवातल्या मैफलींच्या स्पूल टेपा आहेत. आजोबांनी जपल्या, आता नातवंडे त्या संगणकावर उतरवून घेत आहेत. त्या वाटेवर ही पेटी, आता पडद्यावरच्या चित्राच्या रूपात, हटकून भेटते. ती कशासाठी जन्मली हे ठाऊक असेल, तर ती केव्हा लावायची आणि केव्हा नाही हे आपले आपल्याला ठरवता येईल.

यंत्राआधी हे काम माणूस करीत असे. फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात गायचे, आणि आवाजाच्या जोरानेच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. मंद्रात तोंड भोंग्याजवळ न्यावे लागे आणि तार सप्तकात मागे सरावे लागे. नवख्या गायकाला मदतनीस खांद्याला धरून पुढेमागे करीत. पहिला कॉम्प्रेसर म्हणजे गायकाची मानच म्हणायची! १९२५ पासून विजेवरचे मुद्रण आले आणि हे काम मानेकडून तंत्रज्ञाच्या हाताकडे गेले. आवाज चढला की खटका खाली फिरवायचा, उतरला की वर. पण हात कानाच्या मागून धावतो. तान निघून गेल्यावर हात पोचतो. ज्याला गाण्याची जाण आहे त्याचा हात मात्र तानेच्या आधी हलतो, आणि ती जाण कुठल्याच पेटीत नाही.

यंत्राची खरी निकड रेडिओला भासली. प्रक्षेपकाला झेपेल त्याहून मोठा आवाज गेला की प्रक्षेपण फाटते, शेजारच्या केंद्रावर चढते. फार बारीक ठेवला तर दूरच्या गावी खरखरच ऐकू येते. म्हणून १९३७ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी आपोआप लगाम घालणारे ॲम्प्लिफायर बाजारात आणले. तबकडीचेही दुखणे तेच. मोठ्या आवाजाला खाच इतकी नागमोडी होते की ती शेजारच्या खाचेत शिरते, सुई उडते. बारीक आवाज तबकडीच्या घासण्यात बुडतो. वर छत, खाली चिखल, आणि मधल्या जागेत सगळे गाणे बसवायचे. जुन्या पेट्या या अडचणीतून निघाल्या. गोडव्यासाठी त्या कुणी बनवल्या नव्हत्या.

त्यांतली सर्वांत नावाजलेली फेअरचाइल्ड. एस्टोनियातून अमेरिकेत आलेल्या रेइन नार्मा या इंजिनिअरने ती १९५० च्या दशकात रचली. एकपदरी आवाजाची ६६०, दुपदरी, म्हणजे स्टिरिओची, ६७०. सहाशे सत्तरमध्ये २० व्हॉल्व्ह आणि वजन ३० किलोच्या आसपास. दोघांनी उचलावी अशी. आपल्या घरच्या जुन्या रेडिओत असत तसलेच व्हॉल्व्ह, पण खास जातीचे: त्यांच्या जाळीवरचा दाब बदलला की त्यांची आवाज वाढवण्याची ताकद हळूहळू कमी होते. हा दाब नार्माने आवाजातूनच घेतला. गाणारा जितका जोर लावील तितका व्हॉल्व्ह मागे सरतो. गायकच आपला लगाम ओढतो म्हणा ना. शिवाय स्टिरिओ तबकडीत सुई आडवी हलते तशी उभीही हलते, आणि या दोन्ही हालचालींना वेगवेगळा लगाम घालण्याची सोय सहाशे सत्तरमध्ये होती. तबकडी कापणाऱ्याच्या गरजेवर तिची किती बारकाईने नजर होती, हे एवढ्यावरून दिसते.

मला स्वतःला आवडते ती दुसरी, एलए-२ए. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे जिम लॉरेन्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती केली. तिची युक्ती उजेडाची आहे. आत एक पट्टी आवाजाच्या जोराप्रमाणे उजळते. समोर उजेडाने विद्युतरोध बदलणारा एक तुकडा. उजेड पडला की तो आवाज ओढून धरतो. उजेड गेल्यावर लगेच पूर्ण सोडत नाही: निम्मी पकड शतांश सेकंदांत सुटते, उरलेली सुटायला एक सेकंदापासून पंधरा सेकंदांपर्यंत लागतात, आणि उजेड जितका वेळ पडला असेल तितका तो सावकाश विसरतो. फिरवायच्या मुख्य कळा दोनच. मनुष्याच्या आवाजावर ती इतकी सौम्य बसते याचे कारण या सावकाश विसरण्यात आहे. पुढे १९६७ मध्ये बिल पुटनम यांनी ट्रान्झिस्टरच्या जातीचा घटक वापरून ११७६ काढली. ती सेकंदाच्या दशलक्षांश भागांत आवाज पकडते. एक सत्तरी उलटलेली आजी, दुसरी पहाऱ्यावरचा शिपाई.

मग १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवर काहीतरी उलटे झाले. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्यासाठी जेफ एमरिक या तरुण तंत्रज्ञाने मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, मायक्रोफोन नियमापेक्षा जवळ नेला आणि तो आवाज फेअरचाइल्डमधून दाबून काढला. ड्रम श्वास घेतल्यासारखा धापू लागला. सभ्य इंजिनिअरने जो दोष म्हटला असता तोच त्यांना हवा होता. अशा प्रयोगांतून रखवालदार रंगारी झाला.

आजची गंमत अशी की ज्या अडचणीसाठी या पेट्या निघाल्या ती उरलेली नाही. सीडीच्या सोळा बिटांत सुमारे ९६ डेसिबलची जागा आहे. ना खाच फुटते, ना सुई उडते. तरी त्याच जुन्या धाटणीच्या पेट्या नव्याने बनतात आणि त्यांच्या संगणकी नकला खोलीखोलीत आहेत. मागणी आहे ती व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या किंचित उबेची. भावगीताला ती शोभतेच. मागे पंधरावीस वाद्ये असताना कवीचा शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायचा, तर गायिकेच्या आवाजावर एलए-२ए लावावी. ते काम ती मान डोलावत करील.

ख्यालाचे तसे नाही. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा मारवा आठवा. तिथे स्वर जवळजवळ नाहीसा होण्यापर्यंत उतरतो आणि त्या उतरण्यातच राग आहे. पूर्ण मैफलीवर कडक कॉम्प्रेसर लावला तर काय होते ते कानांनी तपासता येते. गायक थांबला की पेटीची पकड सुटते आणि तानपुरा भरतीच्या पाण्यासारखा वर चढतो. पुन्हा गाऊ लागला की तो दबतो. बायाँवर घुमारा पडला की त्या ठोक्याने गायकाचा आवाजही खाली जातो, जणू तबलजीने त्याच्या डोक्यावर टपली मारली. पकड फार जलद ठेवली तर चाटीवरच्या ‘ना’ची धार बोथट होते. मंद्रातली कुजबुज आणि तारेतली पुकार एकाच उंचीवर येतात. ऐकणारा म्हणतो, ‘वा, किती स्वच्छ!’ आणि जे गेले ते त्याला कळतही नाही, कारण आधीचे त्याने ऐकलेले नसते.

तेव्हा टेप उतरवून देणाऱ्याला आधीच सांगावे: पहिली प्रत कोरी हवी. कॉम्प्रेसर नाही, खरखर काढणे नाही, आवाज ‘बसवणे’ नाही. सर्वांत मोठ्या तानेलाही वर जागा राहील एवढी पातळी खाली ठेवून. त्या प्रतीवर गायक, साथीदार, गाव, साल, जे ठाऊक असेल ते लिहून दोन ठिकाणी ठेवावी. मग मोटारीत ऐकायला, नातेवाइकांना फोनवर पाठवायला, दुसरी प्रत खुशाल दाबून घ्यावी; रस्त्याच्या गोंगाटात मंद्र ऐकू यायचा तर दुसरा इलाज नाही. आणि मूळ स्पूल, त्यावर बुरशी दिसली तरी, टाकून देऊ नये.