चर्मकाराचा हात आणि कोल्हापुरी वहाण

जासईवरून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या लोखंडी पेट्यांवर माल धाडणाऱ्या कंपनीचे नाव ठळक असते; तो माल घडविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोठे आढळते. चर्मोद्योगाच्या इतिहासातही नेमके हेच घडले आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाच्या खेळात चेंडू झेलण्यासाठी चामड्याचा हातमोजा वापरतात. चामड्याचे तुकडे कापून ते उलट्या बाजूने शिवावयाचे, मग मोजा सुलटा करून तापलेल्या धातूच्या पंजावर त्यास आकार द्यावयाचा आणि शेवटी चामडी वादी हाताने ओवावयाची, अशी त्याची रीत आहे. टेक्सासमधील नोकोना या गावी हे काम १९३४ पासून चालत आले आहे. तेथे गावाच्या नावासच मोल आले.

आपल्याकडील कोल्हापुरी वहाण याच कुळातील होय. तिच्या तळासाठी म्हशीचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. रापीने तळ कापतात, आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने तो शिवतात. खिळ्याची गरज पडत नाही. पट्ट्यावरील नाजूक वेणी बहुधा घरच्या स्त्रिया विणतात. कातडे कोठे जाड व कोठे पातळ, हे बोटांना कळते. ती जाण पिढ्यान्पिढ्यांच्या सरावाने येते.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) या धंद्यास उत्तेजन मिळाले. वहाण राजवाड्यात मानाने गेली; ती करणारा मात्र दीर्घकाळ गावकुसापाशीच अस्पृश्य म्हणून राहिला. वस्तूस मान आणि कर्त्यास अवमान, हा आपल्या समाजरचनेतील मोठा अन्याय होय.

२०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांस या वहाणेचे भौगोलिक मानांकन लाभले. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच वहाणा कोल्हापूरचा उल्लेख न करता मांडल्या. निषेध झाल्यावरच तिने या भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले.

यातून एकच बोध घ्यावयाचा. मानांकन गावाचे नाव राखील. कारागिराचे नाव राखणे हे आपले कर्तव्य आहे. घरोघरच्या वृद्ध कारागिरांची नावे, त्यांची हत्यारे व त्यांची रीत आज लिहून ठेवली नाही, तर उद्या वहाण उरेल, पण ती कोणी घडविली हे सांगणारा कोणी उरणार नाही.